हृदयाला मिळालेली मुदत

व्यापारी पेठेत वाढलेल्या माणसाला मुदतीचे मोल समजावून सांगावे लागत नाही. हुंडीला मुदत असते, माल मुदतीवर दिला जातो, आणि अडचणीत सापडलेल्या पेढीला कित्येकदा नव्या भांडवलापेक्षा चार-आठ दिवसांची सवलतच तारून नेते. गोदामात माल असतो, बाजारात येणे अडकलेले असते; फक्त आजचा दिवस निभावून न्यायचा असतो. झटक्याने कोसळलेल्या हृदयाच्या बाबतीत वैद्यकशास्त्राने गेल्या सत्तर वर्षांत नेमका हाच विचार केला. निकामी हृदयाच्या जागी दुसरे हृदय बसवण्याचा मार्ग जगभर गाजला. आहे त्याच हृदयाला काही तास, काही दिवस यंत्राचा टेकू देऊन सावरू द्यावे, हा दुसरा मार्ग मात्र सामान्य माणसापर्यंत फारसा पोहोचला नाही. प्रस्तुत लेख या दुसऱ्या मार्गाच्या इतिहासाविषयी आहे, आणि त्याला मुंबईच्या परळचाही एक संदर्भ आहे.

प्रथम झटका म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एखादी धमनी गुठळीने बंद होते आणि तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू मरू लागतो. मेलेला भाग लहान असेल तर उरलेले हृदय काम ओढून नेते. परंतु डाव्या खालच्या कप्प्याचा सुमारे चाळीस टक्के स्नायू गेला, तर हृदय शरीराला पुरेसे रक्त ढकलूच शकत नाही. रक्तदाब नव्वदच्या खाली उतरतो, हातपाय गार पडतात, लघवी थांबते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. याला डॉक्टर कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. झटका आलेल्या शंभरांपैकी साधारण पाच ते दहा जणांची ही अवस्था होते आणि आजच्या सर्व सुधारणांनंतरही त्यांतील जवळजवळ निम्मे दगावतात. यात एक दुष्टचक्र असते. हृदयाला स्वतःचे रक्त प्रामुख्याने दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीच्या क्षणी मिळते. दाब उतरला की तेही घटते, आणि ते घटले की हृदय आणखी दुबळे होते.

हे चक्र तोडण्याची कल्पना प्रथम मांडली ती अमेरिकेतील दोन भावांनी. एड्रियन कँट्रोविट्झ हे शल्यविशारद, तर आर्थर कँट्रोविट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ. धमनीतील दाबाची लाट थोडी उशिरा पोहोचवली, म्हणजे हृदय विसावलेले असताना तिचा जोर हृदयाच्या धमन्यांवर येऊ दिला, तर हृदयाला अधिक रक्त मिळते, हे त्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले. कल्पना नामी होती; ती माणसाच्या शरीरात उतरवावी कशी, हे मात्र कळत नव्हते. १९६२ मध्ये क्लीव्हलँड येथे ग्रीक डॉक्टर मौलोपौलोस आणि कृत्रिम मूत्रपिंडाचे जनक विलेम कोल्फ यांच्या चमूने महाधमनीत ठेवण्याचा एक लांबट फुगा तयार केला. त्यांनी तो कार्बन डायॉक्साइड वायूने फुगवला. पुढे कँट्रोविट्झ यांनी हेलियम वापरला, कारण तो अतिशय हलका असल्यामुळे बारीक नळीतून क्षणार्धात आत-बाहेर जाऊ शकतो.

१९६७ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातील मायमोनिडीस रुग्णालयात कँट्रोविट्झ यांनी हा फुगा प्रथमच शॉकमध्ये गेलेल्या रुग्णावर वापरला. चाळिशीतील एक स्त्री, औषधांना दाद न देणारी. जांघेतील धमनी उघडून फुगा आत सरकवला गेला, काही तास यंत्र चालले, रक्तदाब सावरला, फुगा काढून घेतला गेला आणि ती पुढे घरी गेली. तिचे हृदय कोणी बदलले नव्हते. तेच हृदय काही तासांच्या मदतीने पुन्हा उभे राहिले होते.

या घटनेचा वृत्तांत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात जानेवारी १९६८ मध्ये छापून आला. परंतु त्या वेळी जगाचे लक्ष भलतीकडेच होते. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले होते आणि वर्तमानपत्रांचे रकाने त्याने भरून वाहत होते. गंमत अशी, की अवघ्या तीन दिवसांनी, ६ डिसेंबरला, जगातील दुसरे प्रत्यारोपण करणारे शल्यविशारद हेच कँट्रोविट्झ होते. एका बालकावर केलेली ती शस्त्रक्रिया काही तासांपलीकडे टिकली नाही. एकाच माणसाने एकाच वर्षी दोन्ही वाटा चालून पाहिल्या. गाजलेल्या वाटेवर त्याला अपयश आले आणि दुर्लक्षित वाटेवर पुढे लाखो रुग्ण चालत गेले.

प्रत्यारोपणाच्या त्या लाटेत मुंबईही मागे नव्हती. परळचे के. ई. एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले. महाविद्यालय उभे राहिले ते एका मुंबईकर सेठजींच्या वारशातील देणगीतून, आणि देणगी देताना विश्वस्तांनी घातलेली अट लक्षात ठेवण्याजोगी आहे. येथील अध्यापक भारतीयच असले पाहिजेत, असा तिचा आशय होता. त्या अटीचे फळ म्हणजे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्यासारखे शल्यविशारद. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. सेन यांनी डॉ. परुळकर, डॉ. शरद पांडे आदी सहकाऱ्यांसह तेथे हृदयाचे प्रत्यारोपण केले. भारतातील ते पहिले आणि जगातील सहावे. रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केलेल्या दुसऱ्या प्रत्यारोपणानंतरचा रुग्ण चौदा तास. त्यानंतर मुंबईत पुढचे हृदय प्रत्यारोपण झाले ते थेट ऑगस्ट २०१५ मध्ये, मुलुंड येथे डॉ. अन्वय मुळे यांच्या हातून, पुण्याहून विमानाने आणलेल्या हृदयाने. मधली ४७ वर्षे हा मार्ग आपल्या शहरात बंदच होता.

डॉ. सेन यांचे नाव या प्रत्यारोपणामुळे घेतले जाते. मला स्वतःला त्यांचे १९६५ मधले काम अधिक विलक्षण वाटते. सापाच्या हृदयात स्नायूला रक्त मिळते ते बव्हंशी थेट हृदयाच्या पोकळीतूनच. मग माणसाच्या रक्त तुटलेल्या स्नायूला बारीक छिद्रे पाडून तसेच रक्त का देऊ नये? डॉ. तेहेमटन उडवाडिया, डॉ. किनरे आणि डॉ. परुळकर यांच्यासह त्यांनी हा विचार प्रयोगांद्वारे मांडला. पुढे अमेरिकेत लेसर किरणांनी अशी छिद्रे पाडण्याची पद्धत आली, तेव्हा परळच्या या प्रयोगांचा उल्लेख पूर्वसूरी म्हणून होऊ लागला. आहे ते हृदय वाचवावे, हा ध्यास मुंबईतही होता, हे यावरून दिसते.

आता फुग्याकडे परत येऊ. त्याचे काम समजले की पुढचा सर्व इतिहास समजतो. सुमारे चाळीस घन सेंटिमीटर मापाचा हा लांबट फुगा छातीतील महाधमनीत असतो. हृदय आकुंचन पावून विसावले, की फुगा फुगतो आणि धमनीतील रक्त मागे हृदयाच्या धमन्यांकडे व पुढे शरीराकडे ढकलतो. पुढचा ठोका पडण्याच्या अगदी आधी तो एकदम रिकामा होतो, त्यामुळे हृदयाला समोर जणू रिकामी जागा मिळते व कमी जोर लावून रक्त बाहेर टाकता येते. माथाडी कामगाराच्या पाठीवरचे पोते मागून कोणी क्षणभर उचलून धरावे, तसे हे आहे. पोते त्यालाच वाहायचे असते, पण पाऊल टाकण्याच्या घडीला भार हलका होतो. आरंभी हा फुगा घालण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागे. १९८०च्या सुमारास तो सुईच्या छिद्रातून घालण्याची पद्धत आली आणि मग तो प्रत्येक मोठ्या हृदयोपचार केंद्रात पोहोचला.

या टेकूची खरी कसोटी लागते ती झटक्यानंतरच्या एका विशिष्ट, फार भयंकर गुंतागुंतीत. मेलेला स्नायू काही दिवसांत मऊ पडतो आणि कधीकधी फाटतो. हृदयाच्या डाव्या व उजव्या खालच्या कप्प्यांमधला पडदा फाटला, तर डावीकडचे रक्त पुढे शरीराकडे जाण्याऐवजी भोकातून उजवीकडे जाते आणि फुप्फुसे तुंबतात. कधी झडपेला धरून ठेवणारा स्नायूचा खांब तुटतो आणि झडप मोकळी पडते. रुग्ण अँजिओप्लास्टीनंतर सावरत असतो, नातलग घरी न्यायच्या तयारीत असतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक तो धापा टाकू लागतो. त्या वेळी ‘काल तर बरे होते’ हेच वाक्य कुटुंबाच्या तोंडून निघते.

पडदा फाटल्याची नोंद लंडनचे डॉ. लेथम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शवविच्छेदनातून केली होती. पुढची शंभर वर्षे हे निदान म्हणजे मृत्यूचा दाखलाच होता. १९५७ मध्ये ह्यूस्टनचे डॉ. डेंटन कूली यांनी असा फाटलेला पडदा शस्त्रक्रियेने शिवल्याचे प्रसिद्ध केले. मात्र एक पेच कायम राहिला. ताज्या झटक्यानंतरचा स्नायू भिजलेल्या कागदासारखा असतो. त्यात टाका धरत नाही. दोन-तीन आठवडे थांबले तर कडा घट्ट होतात आणि टाका बसतो. पण रुग्ण तेवढे दिवस जगणार कसा? अमेरिकेतील १९९९ ते २०१० या काळातील २,८७६ शस्त्रक्रियांच्या नोंदींत पहिल्या सात दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ५४ टक्के दगावले, तर सात दिवसांनंतर झालेल्यांपैकी सुमारे १८ टक्के. हे आकडे वाचताना व्यापाऱ्याची सावधगिरी ठेवावी लागते. जे सात दिवस टिकले ते मुळातच तगडे होते, हेही त्या फरकामागे आहे. तरीसुद्धा मुदतीचे मोल त्यातून दिसतेच. फुग्यामुळे पुढचा अडसर कमी झाला, की रक्त भोकातून वळण्याऐवजी सरळ वाटेने जाऊ लागते, आणि शल्यविशारदाला हवे असलेले दिवस मिळू शकतात.

येथे आपल्या समाजातील वाचकांच्या मनात येणाऱ्या एका प्रश्नाला बगल देणे योग्य नाही. हा सारा इतिहास कुत्र्यांवरील प्रयोगांतून घडलेला आहे, कँट्रोविट्झ यांचा आणि डॉ. सेन यांचाही. ते वाचताना मन अस्वस्थ होते, आणि व्हावे. उपचारांतही प्राणिज वस्तू असतात. फाटलेल्या पडद्याला लावायचे ठिगळ कधी डॅक्रॉन या कृत्रिम धाग्याच्या कापडाचे असते, तर कधी गुराच्या हृदयावरणाचे. (डॅक्रॉन वैद्यकात आले ती कथा कापडबाजाराला आवडावी अशी आहे. डॉ. मायकेल डीबेकी यांनी १९५०च्या दशकात ह्यूस्टनच्या एका दुकानातून हे कापड विकत आणले आणि पत्नीच्या शिवणयंत्रावर त्याच्या नळ्या शिवल्या.) यंत्रात रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपारिन १९१६ मध्ये कुत्र्याच्या यकृतातून प्रथम हाती लागले. आज ते प्रामुख्याने डुकराच्या आतड्यापासून काढले जाते. बायव्हालिरुडिन नावाचे कृत्रिम औषध आहे, परंतु ते सर्रास वापरले जात नाही. त्याचा मुख्य उपयोग हेपारिन न सोसणाऱ्या रुग्णांत होतो. याबाबत प्रत्येक कुटुंबाचा निर्णय वेगळा असू शकतो. माझे एवढेच मत, की हा निर्णय घरातील सर्वांनी शांतपणे, निरोगी असताना बोलून ठेवावा. मध्यरात्री अतिदक्षता विभागाच्या दाराशी संमतीचा कागद पुढे आला असता तो विचार सुरू करू नये. ठिगळाबाबत कृत्रिम कापडाचा आग्रह असेल तर तो शल्यविशारदाला आधी सांगता येतो. अनेकदा तो पाळणे शक्यही असते.

फुगा हृदयाला मदत करतो, पण स्वतः रक्त वाहून नेत नाही. हृदयाचे ठोकेच अगदी क्षीण झाले तर तो निरुपयोगी ठरतो. म्हणून स्वतः रक्त ओढणारा पंप हवा होता, आणि त्याची कल्पना आली ती अगदीच अनपेक्षित ठिकाणाहून. रिचर्ड वॅम्पलर हे अमेरिकन डॉक्टर १९७०च्या दशकात इजिप्तमधील एका खेड्यात गेले असता तेथे आर्किमिडीजच्या मळसूत्राने पाणी वर चढवताना त्यांनी पाहिले. नळीत फिरणारे मळसूत्र आणि त्याच्या आट्यांवरून वर सरकणारे पाणी. आपल्याकडे धान्य वर चढवणाऱ्या स्क्रू कन्व्हेयरचे तत्त्व तेच आहे. दाणाबंदराला ते नवे नाही. वॅम्पलर यांनी याच तत्त्वावर पेन्सिलीएवढ्या जाडीचा पंप बनवला आणि १९८८ मध्ये ह्यूस्टन येथे डॉ. फ्रेझियर यांनी तो प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवला. पुढे जर्मनीतील आखेन येथे याचीच सुधारित, अधिक बारीक आवृत्ती निघाली. तिचे नाव इम्पेला. जांघेतून थेट डाव्या कप्प्यात नेलेला हा पंप मिनिटाला चाळीस हजारांहून अधिक फेरे घेत रक्त महाधमनीत सोडतो. तिसरा प्रकार एक्मोचा. त्यात रक्त शरीराबाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून ते परत आत सोडले जाते, म्हणजे हृदय व फुप्फुसे दोघांचेही काम यंत्र करते. करोनाच्या साथीत हा शब्द घरोघरी पोहोचला, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

यंत्र आले म्हणजे माणूस वाचलाच, असा समज होऊ नये म्हणून पुढचा भाग लिहिणे भाग आहे. जवळपास पंचेचाळीस वर्षे जगभर फुगा वापरला गेल्यावर जर्मनीतील संशोधकांनी त्याची चिठ्ठ्या टाकून केलेली मोठी चाचणी २०१२ मध्ये जाहीर केली. शॉकमधील ६०० रुग्णांपैकी फुगा लावलेल्यांत तीस दिवसांत ३९.७ टक्के दगावले, न लावलेल्यांत ४१.३ टक्के. म्हणजे फरक नाहीच. वैद्यकविश्वाला हा मोठा धक्का होता. एक्मोची अशीच चाचणी २०२३ मध्ये झाली, ४७.८ आणि ४९ टक्के, तिथेही फरक नाही. २०२४ मध्ये मात्र डेन्मार्क, जर्मनी व ब्रिटनमधील ३५५ रुग्णांत इम्पेलाने फरक दाखवला. १८० दिवसांत इम्पेला लावलेल्यांपैकी ४५.८ टक्के दगावले, नेहमीच्या उपचारांवरील रुग्णांपैकी ५८.५ टक्के. परंतु रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणे यांसारख्या गंभीर त्रासांचे प्रमाण २४ टक्के होते, तर दुसऱ्या गटात जेमतेम ६. शिवाय या चाचणीत पडदा फाटलेले रुग्ण घेतलेच नव्हते. तेव्हा सरसकट प्रत्येक शॉकमध्ये फुगा घालण्याची रीत मागे पडली असली, तरी पडदा फाटणे किंवा झडप तुटणे या गुंतागुंतीत शस्त्रक्रियेपर्यंतचा पूल म्हणून त्याचा विचार करावा, असे युरोपीय हृदयरोग संघटनेचे मार्गदर्शन आहे. फुगा तुलनेने स्वस्त आहे; इम्पेलाचा खर्च अनेक लाखांच्या घरात जातो. ‘सर्वांत महाग ते लावा, डॉक्टर’ असे नातलगांनी प्रेमापोटी म्हणणे स्वाभाविक आहे, परंतु या बाबतीत महाग ते प्रत्येकाला योग्य, असे शास्त्र म्हणत नाही.

आणि सर्वांत स्वस्त मुदत कोणती, तर रुग्णालयात लवकर पोहोचण्याची. भारतातील ५० शहरांमधील २०,४६८ रुग्णांच्या नोंदी २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. छातीत दुखू लागल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यम काळ त्यात ३६० मिनिटे निघाला. सहा तास! तेवढ्या वेळात स्नायूचे जे व्हायचे ते होऊन जाते. पडदा फाटण्याचा धोकाही धमनी उघडण्यास उशीर झालेल्यांत अधिक असतो. हे सहा तास कसे जातात, हे आपल्या मार्केटात बसणाऱ्याला ठाऊक आहे. छातीत दाटते, घाम येतो. शेजारचा गाळेवाला म्हणतो, पित्त असेल. ओवा होतो, सोडा होतो. गाडी खाली व्हायची असते, काटा लागलेला असतो, एवढा हिशेब पुरा करून जातो म्हणत दुपार टळते. कांदा-बटाट्याचा व्यापार १९८०च्या दशकाच्या आरंभी खाडी ओलांडून येथे आला आणि १९९६ मध्ये भाजी व फळे आली. १९९२ मध्ये वाशीला रेल्वे येईपर्यंत १९७३ चा एकटा खाडीपूल हाच मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांचा रस्ता होता. तेव्हा उशीर झाला तर त्याला अंतर हे कारण तरी होते. आज अँजिओप्लास्टीची सोय वाशी, नेरूळ, बेलापूर येथेच आहे आणि २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही आहे. ज्ञानाने हा आजार टळतो असेही नाही. हजारो हृदये हाताळलेले डॉ. नितू मांडके मे २००३ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्यानेच गेले.

ज्यांना ही यंत्रे लागली आणि जे त्यातून बाहेर आले, त्यांच्या नातलगांनी एक गोष्ट पाहिलेली असते. फुगा एकदम काढत नाहीत. आधी तो प्रत्येक ठोक्याला साथ देत असतो. मग डॉक्टर यंत्राची कळ फिरवून दोन ठोक्यांना एकदा, पुढे तीन ठोक्यांना एकदा अशी साथ ठेवतात आणि प्रत्येक टप्प्यावर काही तास रक्तदाब पाहत राहतात. दाब टिकला, लघवी उतरत राहिली, हात उबदार राहिले, म्हणजे हृदय आपला भार स्वतः उचलू लागले. मग यंत्र थांबवतात, जांघेतून नळी ओढून घेतात आणि एक परिचारक किंवा डॉक्टर त्या जागेवर हाताने दाब देऊन वीस-तीस मिनिटे तसाच उभा राहतो.